बीए आहेस? मग फेरफार वाच

मंगळवारी दुपारी फोन आला. शिरूरकडचा मुलगा. इतिहास घेऊन बीए केलंय, यंदाच निकाल लागला. पुण्यातल्या एका बिल्डरच्या ऑफिसात लँड डिपार्टमेंटला जागा निघाली म्हणून एसटीने आला होता. समोरच्या बाईंनी अर्ज हातात घेतला, पदवीचा रकाना बघितला आणि म्हणाल्या, "सिव्हिल नाही? एमबीए पण नाही? मग सेल्समध्ये कॉलिंगला बसा." अर्ज परत त्याच्याकडे सरकवला. पुढचं पान उलटलंसुद्धा नाही. त्या पानावर त्याने लिहिलं होतं की आजोबांच्या जमिनीच्या दाव्यात जुने फेरफार त्याने स्वतः तहसील कचेरीतून नकला काढून आणले, सालवार लावले आणि वकिलांना त्याचा तक्ता करून दिला.

फोनवर मला विचारतो, "ताई, डिग्री फुकट गेली का हो?"

नाही गेली. फुकट गेली ती त्या ऑफिसची दुपार. जो माणूस त्यांना हवा होता तो समोर बसला होता आणि त्यांनी त्याला परत पाठवला.

मी एकवीस वर्षं जमिनीच्या फायली वाचते आहे. मराठी घेऊन बीए झाले, एका बिल्डरकडे टायपिंगला लागले, तिथून लँडला गेले. दरवर्षी निकाल लागले की असा एक तरी फोन येतो. म्हणून या आठवड्यात दुसरा कुठलाच विषय घेणार नाही.

पहिला प्रश्न बिल्डर मंडळींना. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला डिग्री लागते, १९७२ चा कायदा आहे, कौन्सिलकडे नोंदणी लागते. वकिलाला १९६१ चा कायदा आहे. सीए व्हायला परीक्षांचा डोंगर चढावा लागतो. बिल्डर व्हायला कुठली डिग्री लागते? कुठलीच नाही. २०१६ चा रेरा कायदा उघडून बघा. प्रकल्प नोंदवायचा तर तो जमिनीच्या हक्काचे कागद मागतो, मंजूर नकाशे मागतो, प्रतिज्ञापत्र मागतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो आणि त्यातून पैसे काढायचे तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचे दाखले मागतो. मालकाचं मार्कशीट कुठेही मागत नाही. आणि ते बरोबरच आहे. वेगवेगळ्या कामांतली जाणकार माणसं एका टेबलाशी आणायची, त्यांचं ऐकायचं आणि त्यातून निर्णय घ्यायचा, हे बिल्डरचं काम. मग ज्या ऑफिसात मालकाच्या खुर्चीला डिग्रीची अट नाही, त्याच ऑफिसात जमिनीचे कागद वाचायच्या टेबलाला बीए का चालत नाही?

लोकांना इमारत दिसते ती क्रेन उभी राहिल्यावर. त्याआधीची दोन-तीन वर्षं कुणाला दिसत नाहीत. ती सगळी कागदांची आणि माणसांची असतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, सूची क्रमांक दोन, खरेदीखतं, कुलमुखत्यारपत्रं, वाटणीपत्रं. वकील साधारण तीस वर्षांचा सर्च काढतो आणि शेवटी लिहितो, टायटल क्लिअर. पण तीस वर्षांच्या आधीही त्या जमिनीवर माणसं नांगर धरत होती, भांडत होती, मरत होती. त्यांच्या नोंदी तिथेच असतात, वाचणारा लागतो.

वाचणं म्हणजे काय ते सांगते. जुन्या फेरफारात नावापुढे तीन अक्षरं दिसतात, 'ए.कु.मॅ.' एकत्र कुटुंब मॅनेजर. सातबाऱ्यावर नाव एकाच भावाचं असतं, पण ही तीन अक्षरं सांगतात की तो एकटा मालक नाही, अख्ख्या कुटुंबाच्या वतीने त्याचं नाव लागलंय. पुढे कधीतरी सातबारा नव्याने लिहिला गेला, कारकुनाच्या हातून ती तीन अक्षरं गळाली आणि भाऊ एकटा मालक झाला. दुसरी तीन अक्षरं 'अ.पा.क.' अज्ञान पालन कर्ता. म्हणजे जमीन एका लहान मुलाची होती आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीने बघत होता. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन विकायची तर १९५६ च्या कायद्याने कोर्टाची परवानगी लागते. ती घेतली होती का? नसेल, तर ते मूल मोठं होऊन काय म्हणालं? हे प्रश्न सिमेंटच्या ग्रेडमधून येत नाहीत. समोरच्या मजकुरात काय लिहिलंय आणि काय गाळलंय हे शोधायची सवय लागते. इतिहासाच्या, भाषेच्या वर्गात तीन वर्षं दुसरं काय शिकवतात?

'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. तिथे कुळाचं नाव दिसलं की इतिहास शिकलेल्याच्या डोक्यात लगेच तारीख यायला हवी, १ एप्रिल १९५७. कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कुळकायद्याने मालक मानलं गेलं. मग ३२ग ची किंमत ठरली का, ३२म चं प्रमाणपत्र निघालं का, कलम ४३ चा शेरा अजून आहे का, २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे दहा वर्षं उलटलेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट नजराणा भरलाय का, हे ओळीने विचारायचं. परीक्षेत कुळकायद्यावर टीप लिहून दहा मार्क मिळवलेला मुलगा हे आठवड्यात उचलतो. मी उचलताना पाहिलंय. त्याहून जुने कागद मोडीत निघतात. मोडी वाचणारा माणूस आज पुण्याच्या कुठल्याही लँड ऑफिसात सोन्यासारखा आहे. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचं प्रशिक्षण देतं. त्याला सिव्हिलची अट नाही.

आता एक फाईल सांगते. गाव आणि नावं सांगणार नाही.

पुण्याच्या कडेला साडेतीन एकराचा तुकडा. सातबाऱ्यावर तीन भाऊ. सौदा ठरलेला, विसार द्यायचा होता. आमच्याकडे एक हुशार मुलगा होता, इंजिनिअरिंग आणि वर एमबीए. त्याने चेकलिस्ट पुरी केली होती. वारस नोंद आहे, टिक. बहिणीचा हक्कसोड आहे, टिक. मी फाईल घरी नेली आणि १९८९ चा फेरफार वाचला. वडील वारले, वारस तीन मुलगे आणि एक मुलगी, आणि पुढे एक ओळ होती, मुलीने तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला, सबब तिचं नाव कमी. बस. हक्कसोडपत्र नोंदवलेलं नव्हतं. असा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तलाठ्यापुढच्या जबाबाने हक्क जात नाही आणि फेरफाराने कुणी मालक होत नाही.

बहीण भोर तालुक्यात दिलेली. मी आणि ऑफिसचा ड्रायव्हर गेलो. पडवीत भुईमुगाच्या शेंगा पसरल्या होत्या. आजी शेंगा फोडत बसल्या होत्या, मी पण बसले. पाऊण तास जमिनीचा विषय काढला नाही. मग त्याच म्हणाल्या, "भावाकडून आलीस ना गं?" मी म्हटलं, त्यांच्याकडून नाही, जमीन घेणाऱ्यांकडून. फेरफाराची नक्कल दाखवली. वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी विचारलं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट तिथे ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. म्हणाल्या, "दादा आला व्हता. लुगडं घेऊन आला. म्हणला, अंगठा दे. कशावर त्ये इचारलं न्हाई. माह्यार तुटायला नको, आनि काय."

मी ऑफिसात येऊन लिहून दिलं की विसार द्यायचा नाही. आरडाओरडा झाला. भाऊ चिडले, मध्यस्थ चिडला, आमचे साहेब चिडले. पाच महिने गेले. पण सरतेशेवटी बहीण वाटेकरी म्हणून करारात आली, तिच्या हिश्शाचा चेक तिच्या नावाने निघाला, आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात तिने अंगठा दिला तो प्रत्येक पान ऐकून.

यात पुण्य आहे आणि हिशोबही आहे. हिशोब सांगते, कारण पुण्याचं नाव काढलं की ऑफिसात कुणी ऐकत नाही. धरू या, जमिनीत दहा कोटी अडकले, वर्षाला पंधरा टक्के व्याजाने. म्हणजे महिन्याला साडेबारा लाख. पाच महिन्यांचे साडेबासष्ट लाख होतात. पण आमचा विसार दिलेलाच नव्हता, म्हणून ते व्याज चढलं नाही. उलट विसार देऊन, खरेदी करून, नकाशे मंजूर करून, बुकिंग घेऊन मग बहिणीच्या नातवाने दावा लावला असता तर? महाराष्ट्रात १९९४ ला अविवाहित मुलींना आणि देशभर २००५ ला सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. अशा दाव्यात मनाई हुकूम आला की क्रेन थांबते, व्याज थांबत नाही. आणि ज्यांनी घरासाठी कर्ज काढलंय ते भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसतात. चेकलिस्टवरची एक टिक किती घरांना पुरते ते बघा.

मला कुणी म्हणेल, ही एक फाईल झाली. बरं, मोठी उदाहरणं घ्या. हडपसरची मगरपट्टा सिटी. १९९० च्या दशकात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याचा कंपनीत वाटा ठेवला. पुढे राहिले ते सतीश मगर कृषी पदवीधर. सव्वाशे घरांतल्या म्हाताऱ्यांना, सुनांना, भांडलेल्या भावांना एका कागदावर आणायचं हे काम कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात? डीएलएफचे के. पी. सिंग लष्करात अधिकारी होते. गुडगावच्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसत, कुटुंबातल्या एकेकाची संमती मिळवत त्यांनी जमिनी जोडल्या, कित्येक तर उधारीवर, निव्वळ शब्दावर. आणि थेट बीएचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतला सॅम झेल. मिशिगन विद्यापीठात राज्यशास्त्र घेऊन बीए, मग वकिली. शिकता शिकताच विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांचं व्यवस्थापन घेतलं. २००७ मध्ये त्याची ऑफिस इमारतींची कंपनी कर्जासकट ३९ अब्ज डॉलरला विकली गेली. हे सगळे वेगळ्या काळातले, वेगळ्या घरांतले लोक आहेत आणि प्रत्येक बीएवाला सॅम झेल होईल असं मी म्हणत नाही. मी म्हणते आहे की अर्ज पुढच्या पानापर्यंत वाचा.

आता तुझ्याकडे वळते, फोन करणाऱ्या मुला, आणि तुझ्यासारख्या सगळ्यांकडे. तुमचंही चुकतं.

"मला गणित जमत नाही" हे वाक्य बीएवाले इतक्या सहज बोलतात की ऐकून त्रास होतो. या धंद्यात ते चालणार नाही. इथलं गणित आठवीच्या वरचं नाही, पण रोज लागतं आणि चुकलं की दुसऱ्याचं घर बुडतं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराला चाळीस गुंठे, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. पाठ कर. पुण्यात १,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे, समोर नऊ मीटरचा रस्ता. २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे बेसिक एफएसआय १.१, प्रीमियम भरून ०.५, टीडीआर घेऊन ०.४. झाले दोन. म्हणजे २,००० चौरस मीटर. राहण्याच्या इमारतीला वर ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे ३,२००. चौरस फुटांत साधारण ३४,४०० धर. जुनी सोसायटी असेल तर यातून जुन्या सभासदांना काय द्यायचं ते वजा कर. उरेल ते विकायला. त्या विक्रीतून बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, सभासदांचं भाडं, कॉर्पस, व्याज, आणि मग नफा. उरतंय का? पार्किंग बसतंय का? सामासिक अंतरं सोडून इमारत उभी राहते का? हे एका पानावर मांडता आलं पाहिजे. कागद-पेन्सिल घेऊन, कुणाला न विचारता. दहा प्लॉट असे मांडून बघ, अकराव्याला भीती गेलेली असते. माझी तेवढ्यातच गेली.

दुसरं. बीएवाल्यांना वाटतं आपण चांगलं बोलतो, ते पुरेल. नाही पुरत. मगरपट्ट्यात नुसतं बोलून काही झालं नाही, प्रत्येक कुटुंबाचा वाटा कागदावर होता. गोड बोलून सह्या घेणारे या धंद्यात पोत्याने आहेत आणि भोरच्या आजींच्या भावानेही गोडच बोलून अंगठा घेतला होता. तुला बोलता येतं त्याचा उपयोग समोरच्याला समजावण्यासाठी व्हायला हवा.

त्याचंही एक उदाहरण आहे. कोथरूडची एक जुनी सोसायटी, पुनर्विकासाची सभा गच्चीवर. अशा सभांना २०१९ च्या शासन निर्णयाने रीत घालून दिली आहे. दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण. सगळं नियमाने चाललं होतं आणि तरी दोन तास भांडण. कारण जुन्या करारात क्षेत्र बिल्टअपमध्ये होतं, नव्या प्रस्तावात रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. लोकांना वाटलं आकडा कमी म्हणजे घर कमी. बिल्डरचा माणूस इंग्रजी स्लाइड पुन्हा पुन्हा दाखवत होता. मी वॉचमनच्या मुलीकडून खडू मागून घेतला आणि गच्चीच्या कोब्यावर आताच्या हॉलची आखणी केली, मग तिच्याभोवती नव्या हॉलची. भिंत कुठली धरली, कुठली नाही ते रेघेवर उभं राहून दाखवलं. एक काका टेप घेऊन आले आणि माझी रेघ मोजली. चार इंच चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली. मग त्यांच्या मिसेसनी विचारलं, "पलंग उघडला तर दार लागेल का?" त्या एका प्रश्नापासून सभा रुळावर आली. आठवडाभरात मी त्या प्रस्तावाचं मराठी करून दिलं, चौदा पानं, प्रत्येक अटीखाली तिचा अर्थ. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते झेरॉक्स करून घरोघर दिलं. मराठी घेऊन बीए केल्याचं मला त्या दिवशी जितकं बरं वाटलं तितकं पदवीदान समारंभातही वाटलं नव्हतं.

शिरायचं कुठून, हे तू विचारलंस. मोठ्या कंपनीच्या काचेच्या दारातून तुला आत्ता घेणार नाहीत, तर तिथे डोकं आपटू नकोस. टायटल बघणाऱ्या वकिलाकडे जा. त्यांना सर्च काढायला, सूचीच्या नकला आणायला, जाहीर नोटीस लिहायला माणूस हवाच असतो. पैसे कमी मिळतील, फायली शंभर मिळतील. दोन वर्षांत तुला जे दिसेल ते कुणी वर्गात शिकवू शकत नाही. किंवा सोसायट्यांच्या पुनर्विकासाचा सल्ला देणाऱ्यांकडे जा. तिथे रोजचं काम म्हणजे पत्रं, इतिवृत्तं, सभा आणि समजावणं. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, ती तूही देऊ शकतोस आणि त्या निमित्ताने कायदा तरी नीट वाचून होईल. बुकिंगच्या वेळी करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची, हे सेल्सच्या टेबलवरच्या किती जणांना तोंडपाठ आहे ते विचारून बघ. बीएवर तीन वर्षांचं एलएलबी होतं, ते करच. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एमए केलंस तर नगररचनेच्या एम.प्लॅनचीही वाट आहे, हे कॉलेजात कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लायझनिंगच्या नावाखाली तुला पाकिटं पोचवायला सांगतील. पोरगा बोलका आहे, गावाकडचा आहे, कचेरीत ओळखी काढेल, म्हणतील. त्या कामाला नाही म्हण. पहिल्याच दिवशी म्हण, दुसऱ्या दिवशी जड जातं. नोकरी गेली तर जाऊ दे. फाईल वाचता येणाऱ्याला दुसरी मिळते, पाकीट पोचवणाऱ्याला आयुष्यभर दुसऱ्याचं पाकीटच मिळतं.

कॉलेजांनाही एक प्रश्न. जिल्ह्याच्या ठिकाणी इतिहास विभाग असतो, तिथून हाकेच्या अंतरावर तहसीलची रेकॉर्ड रूम असते. रुमालात बांधलेल्या दप्तरांत त्या तालुक्याच्या प्रत्येक घराचा इतिहास पडलेला असतो. तीन वर्षांत एक दिवस तरी मुलांना तिथे नेता का? रयतवारीवर टीप लिहून घेता आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने स्वतःच्या घरचा सातबारा वाचलेला नसतो. भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन यातला फरक त्याला सांगता येत नाही. घरात वाटणी निघाली की तोच मुलगा चुलत्याच्या तोंडाकडे बघत बसतो. प्राध्यापक मंडळींनी एक शनिवार द्यावा. मी येते, पैसे नकोत, नकला मी आणते.

मुलाशी बोलणं बराच वेळ चाललं. माझ्याकडे सध्या एक फाईल आहे, मुळशीकडची. १९६२ चा एक फेरफार अडलाय. जमीन सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने, पुढे 'अ.पा.क.' आणि चुलत्याचं नाव. दोन वर्षांनी चुलत्याने ती विकली. कोर्टाच्या परवानगीचा कागद कुठेच नाही. मुलाचं नाव त्यानंतर एकाही नोंदीत आलेलं नाही. मी हे सगळं त्याला वाचून दाखवलं आणि गप्प बसले.

तोही थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे तो मुलगा आता सत्तरीला आला असणार. तो कुठे असेल हो? त्याला कुणी विचारलंय का?"

मी त्याला सोमवारी पावणेदहाला तहसील कचेरीपाशी बोलावलंय. वही आण म्हटलं, आणि तोंडाला बांधायला रुमाल. आत धूळ फार असते.